पदवी हातात, पेशंट समोर

बारावीचे निकाल लागले की कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या माझ्या क्लिनिकमध्ये पालकांची ये-जा वाढते. मेडिकलला नंबर लागत नाही, मग पोरीला फिजिओथेरपीला घालावं का, हा जुना प्रश्न. अलीकडे त्याच्या जोडीला दुसरा आलाय. ‘मॅडम, ते कायरोप्रॅक्टिक का काय म्हणतात, त्याला बाहेर पाठवलं तर? चार-पाच वर्षांत तयार होऊन येईल न्हवं?’ मणक्यांना, सांध्यांना हाताने झटका देऊन उपचार करायची ही पद्धत. तिच्यातले मान मोडायचे आणि कंबर कडाकडा वाजवायचे रील्स घरोघरी पोचलेत, त्यामुळे हा प्रश्न येणं साहजिक आहे. फी, व्हिसा, राहायचा खर्च यांची चौकशी त्यांनी आधीच केलेली असते. पोरगं तयार होऊन येईल का, हे मात्र ते मला विचारतात, आणि त्याचं उत्तर बाहेर पेशंट खोळंबलेले असताना देता येत नाही. म्हणून इथे लिहिते आहे.

मी स्वतः फिजिओथेरपिस्ट. कायरोप्रॅक्टिक मी कॉलेजात शिकलेली नाही. पण नव्याने पदवी घेतलेल्या मुलामुलींना मी हाताखाली घेते, आणि त्यांतली एक, माझ्या जुन्या मैत्रिणीची मुलगी, इंग्लंडमधून कायरोप्रॅक्टिकची पदवी घेऊन कोल्हापुरात परतली आणि तिने माझ्याकडे एक टेबल मागितलं. घरी ती मला मावशी म्हणते, क्लिनिकमध्ये मॅडम. पुढे लिहिलेलं बरंचसं तिच्या शेजारी उभं राहून पाहिलेलं आहे. तिने वाचून होकार दिला, मगच हे टाकते आहे.

आधी त्या शिक्षणाबद्दल थोडं. हा व्यवसाय सुरू झाला अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, डॅव्हनपोर्ट गावी, १८९५ साली. डी. डी. पामर या गृहस्थाने इमारतीत साफसफाई करणाऱ्या हार्वी लिलार्ड यांच्या पाठीवर दाब दिला आणि त्यांची गेलेली श्रवणशक्ती परत आली, अशी मूळ कथा सांगतात. दोन वर्षांत पामरने शाळा काढली. १९०६ मध्ये परवान्याशिवाय वैद्यकी केली म्हणून तो तुरुंगातही जाऊन आला. अमेरिकेच्या एकेका राज्यात हा व्यवसाय कायद्यात बसत गेला, आणि लुइझियाना हे शेवटचं राज्य १९७४ साली आलं. ब्रिटनमध्ये १९९४ चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्याखाली जनरल कायरोप्रॅक्टिक कौन्सिल आहे. तिथे नोंदणी नसलेल्या माणसाला स्वतःला कायरोप्रॅक्टर म्हणवून घेता येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये या शिक्षणासाठी आणि सुरक्षिततेसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. पूर्ण अभ्यासक्रम किमान ४२०० तासांचा, आणि त्यातले किमान १००० तास देखरेखीखाली प्रत्यक्ष पेशंटवर. आधीच डॉक्टर किंवा तत्सम आरोग्य व्यावसायिक असलेल्याला त्यांनी सूट दिली आहे, पण तीही किती? किमान २२०० तास, आणि त्यातही पेशंटवरचे १००० तास तसेच. हे आकडे मी आमच्या नव्या फिजिओथेरपिस्ट मुलांना मुद्दाम ऐकवते. भारतात कायरोप्रॅक्टिकसाठी वेगळी वैधानिक परिषद नाही, त्यामुळे शनिवार-रविवारच्या वर्कशॉपला जाऊन, हॉटेलच्या हॉलमध्ये एकमेकांच्या माना वळवून, सर्टिफिकेट हातात घेऊन सोमवारी रील टाकणारे तरुण मला दिसतात. त्या दोन दिवसांत पंधरा-सोळा तास होत असतील. त्या तासांत एकही आजारी माणूस त्यांच्यासमोर आलेला नसतो. मला याचा राग येतो आणि तो मी लपवत नाही. आपल्या साडेचार वर्षांच्या फिजिओथेरपीच्या पदवीची, त्यामागच्या मेहनतीची ही मुलं स्वतःच किंमत कमी करतात.

तेव्हा पहिली गोष्ट पालकांना सांगते ती ही, की चांगल्या कॉलेजातलं कायरोप्रॅक्टिकचं शिक्षण कच्चं नसतं. मैत्रिणीच्या मुलीचे हात पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी खूष झाले होते. पेशंटला कुशीवर घेतलेलं, वरचा गुडघा दुमडलेला. तिचा एक हात त्याच्या खांद्यावर, दुसऱ्या हाताच्या तळव्याचा करंगळीकडचा उंचवटा कमरेच्या मणक्यावर. सांध्यातली ढील संपेपर्यंत ती सावकाश जाते, तिथे थांबते, पेशंटला श्वास सोडू देते, आणि मग जो झटका देते तो डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही. वेग पुष्कळ, अंतर जेमतेम. रीलमध्ये दिसते तशी हिसकाहिसकी त्यात नसते. एवढा ताबा वर्षानुवर्षांच्या सरावाशिवाय येत नाही, आणि आमच्या पदवीच्या अभ्यासक्रमात या एका कौशल्याला इतका वेळ मिळत नाही हे मी मान्य करते.

आवाजाच्या मागे ती लागत नाही, हे मला त्याहून आवडलं. सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होते आणि आवाज येतो. २०१५ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी बोटांचे सांधे ओढले जात असताना चालू एमआरआयमध्ये हे चित्रित केलं. हाड जागेवर बसल्याचा तो आवाज नसतो. ती हे प्रत्येक पेशंटला सांगते. पेशंट ऐकून घेतात आणि म्हणतात, ‘ते खरं ओ, पण आवाज आला की बरं वाटतंय बघा.’

आता दुसरी बाजू. तिच्या कॉलेजच्या क्लिनिकमध्ये नव्या पेशंटला तासभर वेळ मिळायचा. कागदावर प्रत्येक पायरीला शिक्षकांची सही लागायची. पेशंट बहुतेक आसपासचे, धडधाकट, कंबर किंवा मान अवघडलेले. ठराविक संख्या पूर्ण करायची असल्यामुळे वर्गमित्र, त्यांचे रूममेट, कुणाची तरी आई, अशांनाच पुन्हा पुन्हा टेबलावर घेतलं जायचं, असं ती सांगते. शिकण्याच्या काळात हे ठीकच आहे. पण त्यातून काय राहून जातं ते आमच्या मुलांशी तुलना केल्यावर मला कळलं. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची बीपीटी, म्हणजे फिजिओथेरपीची पदवी, घेतलेला मुलगा सहा महिन्यांच्या इंटर्नशिपमध्ये वॉर्डावर फिरलेला असतो. त्याने आयसीयूतला माणूस पाहिलाय, अर्धांगवायू झालेल्याला पहिल्यांदा उभं केलंय, भाजलेल्याचा हात सरळ करताना त्याचं ओरडणं ऐकलंय. मणक्यावर हात ठेवायची वेळ येते तेव्हा मात्र तो चाचपडतो. तिचं याच्या बरोबर उलट. मणका तिला डोळे मिटून कळतो, पण खरोखर आजारी माणसं तिने मोजकी पाहिलेली. दोघांच्याही पदव्या खऱ्या, दोघंही हुशार, आणि दोघांच्याही शिक्षणात एकेक खोली बंद राहिलेली.

करवीर तालुक्यातली एक बाई आमच्याकडे आली त्या दिवशी हे फार ठळकपणे दिसलं. चाळिशीच्या आतबाहेरची, घरी चार म्हशी, धारा काढायला वाकता येईना म्हणून नवरा घेऊन आला होता. तो शिरोलीच्या एमआयडीसीत फौंड्रीत कामाला, पाळी बदलून आलेला. गावाकडे दोन वेळा कुणीतरी पाठ चोळून, ओढून दिली होती. ‘मणक्यात गॅप पडलाय म्हणत्यात. त्या इंग्लंडच्या बाईंनी एक दणका दिला की सुटंल, असं कळलं म्हणून आलोय,’ तो म्हणाला.

मैत्रिणीच्या मुलीने इतिहास नीट घेतला. रात्री झोपेत दुखतं का? दुखतं. पडून राहिल्यावर कमी होतं का? नाही. वजन? बाई म्हणाली, ब्लाउज सगळे ढगळ झालेत. ताप? संध्याकाळी अंग कोमट लागतं, पण कामाच्या दगदगीनं असेल. मग तिने बाईला पालथं झोपवलं आणि मुठीच्या कडेने एकेक मणका वरून खाली हलकेच ठोकत गेली. पाठीच्या मध्याच्या जरा खाली एका जागी बाई कळवळली. तिथे बोटांना बारीकसा उंचवटाही लागत होता. तिने हात काढून घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं होतं आणि मलाही. आपल्या भागात रात्रीची पाठदुखी, संध्याकाळचा ताप आणि उतरणारं वजन एकत्र आलं की मणक्याचा क्षयरोग पहिल्यांदा मनात यायला हवा. अशा मणक्यावर झटका दिला तर तो खचू शकतो, मज्जारज्जूवर दाब येऊन पाय जाऊ शकतात.

इथपर्यंत तिच्या कॉलेजने तिला उत्तम तयार केलं होतं. धोक्याच्या खुणांची यादी तिला तोंडपाठ होती आणि ती यादी तिने हाताने वापरली. त्यानंतर मात्र ती अडकली. समोर एक माणूस बसलाय, ज्याने पाळी बदललीय, एसटीचे पैसे घातलेत, आणि ज्याला दोन मिनिटांत बायको ताठ चालत बाहेर यायला हवी आहे. त्याला आज काहीच करणार नाही हे कसं सांगायचं? क्षयरोग हे नाव खात्री नसताना काढायचं की नाही? गावात कळलं तर बाईशी लोक कसे वागतील? फी घ्यायची का? एक्स-रे, रक्त आणि एमआरआय कुठे, किती खर्चात, आणि कुणाच्या नावाने चिठ्ठी द्यायची? ती इंग्रजीत अगदी नीटस रेफरल लेटर लिहायला शिकली होती. पण ज्याला ते द्यायचं त्या डॉक्टरांनी कायरोप्रॅक्टर हा प्राणी कोल्हापुरात पाहिलेलाच नव्हता.

त्या दिवशी मी बोलले. नवऱ्याला बाजूला न नेता दोघांना समोर बसवलं. ‘दादा, हे दुखणं नुसत्या स्नायूचं नाही. हाडाच्या आत काहीतरी चाललंय. ते काय आहे हे कळल्याशिवाय मी हात लावला तर वैनींचं नुकसान होईल. आज तुम्ही सरकारी दवाखान्यात, सीपीआरला जायचं. मी तिथल्या हाडांच्या डॉक्टरांना फोन करते.’ तो चिडला. म्हणाला, दवाखाना मांडून बसलाय आणि करायला काय नाय. मग थोडा वेळ गप्प बसला आणि विचारलं, ‘किती बसतील पैसे?’ तो प्रश्न आला की माणूस ऐकायला लागलाय, हे मला अनुभवाने माहीत आहे. पुढे एमआरआयमध्ये आणि तपासण्यांत क्षयरोगच निघाला. सरकारी कार्यक्रमात औषधं मोफत मिळतात. फुप्फुसाच्या क्षयापेक्षा या औषधांचा काळ लांबतो, पण वेळेवर सुरू झाली तर बाई धारा काढायला पुन्हा बसते. ही बाई बसली.

त्या संध्याकाळी क्लिनिक बंद करताना मैत्रिणीच्या मुलीने विचारलं, ‘मावशी, हे बोलणं मला कुठे शिकवलं असतं?’ मला उत्तर सुचलं नाही. कॉलेजात संवादकौशल्याचे तास असतात, नट पेशंट बनून येतात, गुण मिळतात. तिला ते गुण चांगले मिळाले होते. पण नटाला संध्याकाळची एसटी चुकायची नसते.

मानेच्या बाबतीत तर हा नकार अजून अवघड. मान आणि डोकं अचानक, कधीच दुखलं नव्हतं तसं दुखतंय म्हणून आलेल्या माणसाची मानेतली धमनी आधीच आतून चिरलेली असू शकते. दुर्मीळ आहे, पण आहे. अशा वेळी मानेला झटका देण्याचं धाडस पुढे पक्षाघातापर्यंत नेऊ शकतं. तिला हे पुस्तकातून पक्कं माहीत. तरी आठवड्यातून एखादा कॉलेजचा पोरगा येतोच, ‘ताई, मान फक्त एकदा मोडा की,’ म्हणत, मित्र मोबाईल धरून उभा. त्याला नाही म्हणणं आणि तो नाराज होऊन दुसरीकडे गेलेला पाहणं, हे नव्या माणसाला फार जड जातं. दुसरीकडे कुणीतरी मोडून देणारच असतं.

पैशाचं प्रकरण शिक्षणात सगळ्यात कमी येतं आणि बाहेर पडल्यावर सगळ्यात आधी गाठतं. परदेशात नवी पदवी घेतलेली मुलं बहुधा कुणाच्या तरी क्लिनिकमध्ये टक्केवारीवर लागतात. डोक्यावर शिक्षणाचं कर्ज. अशात मालकाने सांगितलं की प्रत्येक नव्या पेशंटला लांबलचक पॅकेज विकायचंच, तर पंचविशीतलं पोर किती ताठ राहील? आपल्याकडेही दहा सिटिंगचे पैसे आगाऊ घ्यायची पद्धत रुजलीय. आगाऊ पैसे घेतले की चौथ्या सिटिंगला बरं झालेल्या माणसाला घरी पाठवायला हात धजत नाही.

याला जोडून एक मतभेद त्या व्यवसायाच्या आत आहे, तो पालकांना कुणी सांगत नाही. मणक्याच्या बारीक विस्थापनामुळे शरीरातले नाना आजार होतात, हा पामरच्या काळातला विचार. ब्रिटनच्या कौन्सिलने २०१० मध्ये स्पष्ट म्हटलं की ही ऐतिहासिक कल्पना आहे आणि अशा विस्थापनामुळे आजार होतात याला वैद्यकीय पुरावा नाही. तरीही काही शाळा, काही गट तिच्याच आधाराने आयुष्यभराच्या झटक्यांचा सल्ला देतात. डॉक्टरांसाठी उपचारांच्या सूचना काढणाऱ्या ब्रिटनमधल्या ‘नाइस’ या संस्थेच्या २०१६ च्या कंबरदुखीच्या सूचनांत हाताने केलेल्या उपचारांना जागा आहे, पण व्यायामासोबत, एकट्याने नाही. ज्या मुलाने कॉलेज निवडताना हे पाहिलं नाही, तो पदवीनंतर रोज पेशंटसमोर कुठली गोष्ट सांगणार? कॉलेज निवडताना इमारत कमी पाहा आणि विद्यार्थ्यांच्या क्लिनिकमध्ये पेशंटला काय सांगितलं जातं ते जास्त पाहा.

नवशिक्याला कसं तयार करावं, याचं एक चांगलं उदाहरण आपल्या गावात डोळ्यांसमोर आहे. तालमीत नव्या पोराला पहिल्या दिवशी कुणी कुस्तीला उभं करत नाही. तो माती खणतो, मोठ्या पैलवानांचं अंग रगडतो, कुठला खांदा आखडलाय आणि कुठला खरोखर निखळलाय हे हाताला कळेपर्यंत वस्ताद त्याला कुणाचा सांधा ओढू देत नाहीत. जुने वस्ताद निखळलेला खांदा बसवायचे, आणि सूज वेगळी दिसली की ‘हे आपलं काम न्हवं, सीपीआरला न्या,’ असंही तेच म्हणायचे. त्यांच्या सगळ्या उपचारांचं मी समर्थन करणार नाही, काही हात कायमचे वाकडे झालेले मी पाहिलेत. पण नवशिक्याच्या शेजारी जाणता माणूस रोज उभा असतो, एवढं त्यांच्याकडून घ्यावंच.

कायरोप्रॅक्टिकमध्ये नेमकं हेच सैल आहे. एमबीबीएसला वर्षाची सक्तीची इंटर्नशिप आहे. ब्रिटनमध्ये कायरोप्रॅक्टिकची पदवी आणि नोंदणी झाली की मूल स्वतंत्रपणे पेशंट घेऊ शकतं. तिथलं रॉयल कॉलेज ऑफ कायरोप्रॅक्टर्स नोंदणीनंतर अनुभवी मार्गदर्शकाच्या हाताखालचं प्रशिक्षण चालवतं, आणि माझ्या मते मुलांनी ते न चुकता करावं. कर्ज काढून पाठवणार असाल तर पदवीनंतरचं एक वर्ष त्याच हिशोबात धरा. तो खर्च वगळून केलेला हिशोब अर्धा आहे. परतून कोल्हापूर, इचलकरंजी, सांगलीत काम करायचं असेल तर त्यातले काही महिने इथे, एखाद्या हाडांच्या डॉक्टरांच्या ओपीडीत आणि एखाद्या फिजिओथेरपिस्टच्या हाताखाली काढायला हवेत. यंत्रमागावर बारा तास उभा राहणारा माणूस, ऊसतोडीची मोळी डोक्यावर घेतलेली बाई, फौंड्रीत साचा उचलणारा कामगार इंग्लंडच्या क्लिनिकमध्ये येत नाहीत. त्यांना ‘विश्रांती घ्या’ म्हणून चालत नाही. मोळी कशी उचलायची, दिवसातून कधी पाच मिनिटं उताणं पडायचं, एवढंच त्यांच्या हातात असतं. हे पोरांना ओपीडीत बसूनच कळतं.

मैत्रिणीची मुलगी आता बरीच स्थिरावली आहे. परवा एका आजोबांना तिने सांगितलं, ‘आजोबा, तुमची हाडं ठिसूळ झालीत, झटका द्यायचा नाही. आपण चालायचं आणि उठबस करायची.’ आजोबा म्हणाले, ‘मग तुझ्याकडं कशाला यायचं गं?’ ती म्हणाली, ‘चाललात का नाही ते विचारायला मी आहे की.’ हे ऐकायला तिची आई हवी होती, असं मला वाटलं.

महिन्यातल्या पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी दुपारी चार वाजता आम्ही क्लिनिकमध्ये बसतो. दोन फिजिओथेरपिस्ट, ती, आणि सवड असेल तेव्हा एक हाडांचे डॉक्टर. प्रत्येकाने एक केस आणायची, आणि शक्यतो जिथे आपण काही करायचं टाळलं अशी. फी नाही, सर्टिफिकेटही नाही. फिजिओथेरपी किंवा कायरोप्रॅक्टिकची नवी पदवी घेतलेल्या कुणालाही यायचं असेल तर यावं. पेशंटचं नाव झाकून कागद आणा, आणि पालक सोबत आले तरी त्यांना बसायला जागा आहे.